बुडवाइसकर कोण?

मराठीत गावाच्या नावाला 'कर' जोडला की माणूस उभा राहतो आणि 'ई' जोडली की वस्तू. सोलापूरकर म्हणजे माणूस, सोलापुरी म्हणजे चादर. भाषेने ही कामाची वाटणी केव्हा करून ठेवली हे व्याकरणकारांनी सांगावे. पण तिचा एक लाभ असा की माणसाचे गावाशी असलेले नाते आणि मालाचे गावाशी असलेले नाते यांत आपली सहसा गल्लत होत नाही. जर्मन भाषेत ही सोय नाही. तिथे 'अर' हा एकच प्रत्यय दोन्हीकडे चालतो. बुडवाइस गावचा रहिवासी तो बुडवाइझर आणि त्या गावची बिअर तीही बुडवाइझर. या एका शब्दावरून विसाव्या शतकाच्या आरंभापासून तंटे सुरू झाले, आणि पुढे ते लिस्बनपासून लंडनपर्यंत, लक्झेंबर्गपासून स्ट्रासबुर्गपर्यंतच्या न्यायालयांत जाऊन पोहोचले.

बिअरच्या नावाचा खटला हा वकिलांचा आणि व्यापाऱ्यांचा विषय. साहित्याच्या विद्यार्थ्याने त्यात डोकावण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे की या खटल्यात न्यायाधीशांना जो प्रश्न सोडवायचा होता तो मुळात आपलाच आहे. शब्दाचा अर्थ कोण ठरवतो? जो तो प्रथम उच्चारतो तो, जो त्याला प्रसिद्धी देतो तो, की ज्याच्याविषयी तो उच्चारला जातो तो? आपण हे प्रश्न वर्गात विचारतो आणि घंटा झाली की सोडून देतो. न्यायालयाला तशी मुभा नसते.

प्रथम गावाविषयी. दक्षिण बोहेमियातले हे गाव राजा ओटाकार दुसरा याने १२६५ मध्ये वसवले. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याचे अधिकृत नाव चेस्के बुड्येयोवित्से. शतकानुशतके तिथे चेक आणि जर्मन अशा दोन भाषा बोलल्या जात, आणि जर्मन भाषकांच्या तोंडी त्याच गावाचे नाव बुडवाइस होते. गंमत अशी की दोन्ही नावे मुळात एकाच स्लाव्ह व्यक्तिनामावरून, बुडिवोय या नावावरून, आलेली मानतात. म्हणजे ज्याला आपण जर्मन नाव म्हणतो तेही स्लाव्ह शब्दाचे जर्मन जिभेवर झालेले रूप आहे. या लेखात मी गावाला बुडवाइस म्हणतो ते केवळ सोयीसाठी. पण ही सोयसुद्धा निष्पाप नाही, हे पुढे दिसेल.

मध्ययुगापासून या गावात बिअर बनत आली आहे. १७९५ मध्ये तिथल्या जर्मन भाषक नागरिकांनी मिळून एक ब्रुअरी काढली. शंभर वर्षांनी, १८९५ मध्ये, चेक भाषक नागरिकांनी भागभांडवल उभारून दुसरी काढली. दरम्यान गावात चेक भाषकांचे प्रमाण वाढत गेले होते आणि शाळा, नगरपालिका, गायनमंडळ, बँक यांतले प्रत्येक काम राष्ट्रीयत्वाच्या चुरशीने होऊ लागले होते. बिअर त्याला अपवाद कशी असणार? जेरेमी किंग या इतिहासकाराचे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले या गावावरचे एक पुस्तक आहे. 'बुडवाइझर' लोकांचे चेक आणि जर्मन यांत कसे रूपांतर झाले, हाच त्याचा विषय आणि शीर्षकाचा आशयही तोच. त्यातून कळते ते असे की दीर्घकाळ तिथे बऱ्याच लोकांना आपण चेक की जर्मन हे ठरवण्याची गरजच वाटत नव्हती. ते बुडवाइसचे होते. मराठीत सांगायचे तर ते बुडवाइसकर होते, आणि तेवढे पुरेसे होते.

आता अटलांटिकच्या पलीकडे जाऊ. अडोल्फस बुश हा माइन्ट्सजवळच्या कास्टेल येथे १८३९ मध्ये जन्मलेला जर्मन तरुण १८५७ मध्ये अमेरिकेत आला आणि सेंट लुइसमध्ये सासऱ्याच्या ब्रुअरीत भागीदार झाला. कार्ल कॉनराड नावाच्या मद्यव्यापारी मित्रासाठी त्याने १८७६ मध्ये एक फिकट, हलकी बिअर तयार केली. तिचे नाव बुडवाइझर. कॉनराडने १८७८ मध्ये ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले. पुढे त्याचे हक्क बुशच्या कंपनीकडे, म्हणजे अनहॉयझर-बुशकडे आले. ना बुश बुडवाइसचा होता, ना ते पाणी, ना जव. त्याच्या बिअरमध्ये तर तांदूळही होता. नाव का घेतले, याचे उत्तर त्याने स्वतःच एका खटल्यातील साक्षीत दिले आहे. बोहेमियातल्या बुडवाइस गावी होणाऱ्या बिअरसारखा दर्जा, रंग आणि चव आणावी एवढाच हेतू होता, असा त्या साक्षीचा आशय. म्हणजे तो शब्द त्याने तुलनेसाठी घेतला होता. अलंकारशास्त्राच्या भाषेत ही उपमा होती: बुडवाइसच्यासारखी. नोंदणी कार्यालयात ती जाऊन आली आणि उपमान उपमेयाच्या मालकीचे झाले.

इथे कायद्याच्या दोन कल्पना स्पष्ट करणे आवश्यक आहे. व्यापारचिन्ह सांगते की हा माल कोणाचा. ते मालकाचे असते. विकता येते, भाड्याने देता येते, एका गावातून दुसऱ्या गावी नेता येते. भौगोलिक मानांकन सांगते की हा माल कुठला. ते कोणा एकाचे नसते, विकता येत नाही आणि गाव सोडून जाऊ शकत नाही. साध्या शब्दांत सांगायचे तर व्यापारचिन्ह ही सही आहे आणि भौगोलिक मानांकन हा पत्ता. बुडवाइझरचा तंटा हा दोन सह्यांमधला तंटा नाही. एकाचा पत्ता ही दुसऱ्याची सही होऊन बसली, असा तो पेच आहे.

केवळ गावाचे नाव कोणालाही व्यापारचिन्ह म्हणून घेऊ देऊ नये, हे तत्त्व कायद्यालाही सामान्यतः मान्य आहे. मात्र त्याला एक पळवाट आहे. दीर्घ वापराने त्या नावाला दुय्यम अर्थ प्राप्त झाला, म्हणजे ऐकणाऱ्याला गाव न आठवता विशिष्ट कंपनीचा मालच आठवू लागला, तर नोंदणी होऊ शकते. आपल्या काव्यशास्त्राला हा प्रकार परिचित आहे. 'कुशल' म्हणजे मुळात कुश नावाचे गवत काढून आणणारा. आज तो शब्द ऐकून कोणाला गवत आठवत नाही. मम्मटाने रूढी लक्षणेसाठी दिलेले हे उदाहरण आपण सर्वांनी परीक्षेत लिहिले आहे. अमेरिकेत बुडवाइझर हा शब्द असाच रूढ झाला. तिथे त्याचा उच्चारही बदलून 'बडवायझर' झाला. बोहेमियात मात्र तो अभिधेतच राहिला. वाच्यार्थ जिवंत असलेल्या ठिकाणी लक्ष्यार्थाने मालकी सांगावी का, हा या खटल्याचा गाभा आहे.

आरंभीच्या तडजोडी तशा समंजस होत्या. १९११ च्या करारात गावातल्या ब्रुअऱ्यांनी अमेरिकी कंपनीची नोंदणी मान्य केली आणि आपल्या मालाचे मूळ सांगण्यासाठी नाव वापरण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. मार्च १९३९ मध्ये, हिटलरच्या फौजा प्रागमध्ये शिरण्याच्या अवघ्या काही दिवस आधी, चेक ब्रुअरीने उत्तर अमेरिकेत ते नाव न वापरण्याचे मान्य केले. जगाची वाटणी झाली आणि प्रकरण मिटले, असे वाटावे.

ते मिटले नाही, आणि यापुढचा भाग मला सर्वांत अस्वस्थ करतो. युद्ध संपल्यावर चेकोस्लोव्हाकियातून सुमारे तीस लाख जर्मन भाषकांची हकालपट्टी झाली. त्यांत बुडवाइसचेही होते. त्यांच्या पूर्वजांनी काढलेली जुनी ब्रुअरी आणि चेक नागरिकांनी काढलेली नवी, दोन्ही सरकारच्या ताब्यात गेल्या. नव्या ब्रुअरीचा वारसा १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बुडवार या राष्ट्रीय उद्योगाकडे आला, आणि तो आजही चेक सरकारच्याच मालकीचा आहे. मूळस्थानदर्शक नावांच्या संरक्षणासाठी १९५८ मध्ये लिस्बन करार झाला होता. त्याखाली चेकोस्लोव्हाक सरकारने १९६८ मध्ये जी नावे नोंदवली त्यांत चेक रूपे होती, तशीच जर्मन बुडवाइझरशी निगडित रूपेही होती. ज्या राज्याने गावातून जर्मन माणसे घालवली, त्याच राज्याने जगासमोर गावाचे जर्मन विशेषण हा आपला अविभाज्य वारसा आहे असे सांगितले. बोलणारे गेले, त्यांचा शब्द निर्यातीच्या कामाचा म्हणून ठेवून घेतला गेला.

म्हणून या वादात एका बाजूला लबाड महाकाय कंपनी आणि दुसऱ्या बाजूला निरागस गाव असे चित्र रंगवण्याचा मोह मी टाळतो. वृत्तपत्रांना ते चित्र प्रिय आहे. पण नावावर हक्क सांगणाऱ्या दोघांपैकी कोणीही ते नाव घडवलेले नाही. एकाने ते दुरून उसने घेतले, दुसऱ्याकडे ते रिकाम्या घरासारखे आले.

न्यायालयांनी काय केले? जवळजवळ प्रत्येक देशाने निराळे उत्तर दिले. अमेरिकेत गावची बिअर स्वतःचे नाव लावू शकत नाही. २००१ पासून ती तिथे 'चेकवार' या नावाने विकली गेली. युरोपातील अनेक देशांत उलट प्रकार: अमेरिकी बिअरला तिथे केवळ 'बड' म्हणवून घ्यावे लागते. पोर्तुगालमध्ये अमेरिकी कंपनीने १९८१ मध्ये नोंदणीचा अर्ज केला. चौदा वर्षांनी नोंदणी मिळाली आणि १९८६ च्या पोर्तुगाल-चेकोस्लोव्हाकिया कराराच्या आधारे ती रद्दही झाली. प्रकरण थेट मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले की व्यापारचिन्हाचा नुसता अर्जसुद्धा मालमत्तेच्या संरक्षणाच्या कक्षेत येतो, मात्र या प्रकरणात त्या हक्काचा भंग झालेला नाही. शब्दासाठी केलेला अर्ज हीही मालमत्ता! कवींनी या निकालाची नोंद घ्यायला हरकत नाही.

बुडवारही सर्वत्र जिंकले नाही. 'बड' या तीन अक्षरी रोमन रूपालाही त्याने मूळस्थानदर्शक नाव म्हणून संरक्षण मिळवले होते. पण बड नावाचे गाव कुठे आहे? ऑस्ट्रियातून आलेल्या खटल्यात हाच प्रश्न उभा राहिला, आणि २००९ मध्ये युरोपीय न्यायालयाने अशा नावांना दोन देशांतील जुन्या करारांच्या आधारे युरोपीय व्यवस्थेबाहेर वेगळे संरक्षण देता येणार नाही असे ठरवले. चेक प्रजासत्ताक २००४ मध्ये युरोपीय संघात आले तेव्हा संघाने भौगोलिक मानांकन दिले ते 'बुड्येयोवित्स्के पिवो' आणि तशाच चेक रूपांना. ज्याच्यासाठी एवढा झगडा, ते जर्मन विशेषण त्या यादीत नाही.

मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो तो ब्रिटनमधला मार्ग. तिथे २००० मध्ये दोन्ही कंपन्यांना एकच नाव नोंदवू दिले गेले. अमेरिकी कंपनीने ते पुन्हा न्यायालयात नेले, तेव्हा २०११ मध्ये युरोपीय न्यायालयाने मानले की जवळजवळ तीस वर्षे दोन्ही बिअर प्रामाणिकपणे शेजारी शेजारी विकल्या गेल्या आहेत, त्यांची चव, किंमत आणि बाटलीचे रूप वेगळे आहे, आणि पिणाऱ्यांना तो फरक कळतो. भाषेच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. अनेकार्थी शब्दाचा अर्थ संदर्भाने नियंत्रित होतो, हे आपल्या शास्त्रकारांनी केव्हाच सांगितले आहे. 'सैंधव आण' म्हटल्यावर पानावर बसलेल्याला मीठ हवे असते आणि निघालेल्याला घोडा. ऐकणारा गोंधळत नाही.

विरुद्ध पक्षाचा सर्वांत बळकट युक्तिवाद मात्र नोंदवला पाहिजे. बुडवारच्या मूळ ब्रुअरीची स्थापना १८९५ ची. अमेरिकी बुडवाइझर १८७६ ची. मग आधी कोण? आणि जगातल्या कोट्यवधी लोकांना हे नाव माहीत झाले ते बोहेमियातल्या गावामुळे की सेंट लुइसच्या जाहिरातींमुळे? दोन्ही प्रश्नांत तथ्य आहे. पण पहिल्या प्रश्नात कंपनीचे वय आणि गावाचे वय यांची अदलाबदल केलेली आहे. पत्ता हा कंपनीचा नसतोच. उद्या त्या गावात तिसरी ब्रुअरी निघाली तरी तिचा माल त्याच क्षणी त्या गावचा असेल. दुसऱ्याचे उत्तर असे की प्रसिद्धीने सही मोठी होते, पत्ता खोटा होत नाही. एखाद्या लेखकाने गावाचे नाव टोपणनाव म्हणून घेतले आणि तो विख्यात झाला, म्हणून त्या गावच्या माणसाने आपले गाव सांगू नये काय?

याचा अर्थ पत्ता हा नेहमीच पवित्र असतो असेही नाही. बुडवारच्या बिअरमधले हॉप्स झाटेट्सचे, जव मोराविआचे. गावचे म्हणावे असे पाणी आणि कसब. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल ब्राउन एलची कथा तर बोधप्रद आहे. तिच्या मालकांनी २००० मध्ये युरोपीय भौगोलिक मानांकन मिळवले. २००५ मध्ये त्यांनी ब्रुअरी टाइन नदीच्या पलीकडे गेट्सहेडला हलवली. आता माल न्यूकॅसलचा राहिला नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच अर्ज करून २००७ मध्ये ते मानांकन रद्द करून घेतले, नाव मात्र ठेवले. पत्ता अडचणीचा होताच त्याची सही झाली. उलट पिल्सेन गावाचे काय झाले पाहा. तिथे १८४२ मध्ये योझेफ ग्रोल या बव्हेरियन कसबी माणसाने सोनेरी बिअर बनवली. ती इतकी अनुकरणीय ठरली की पिल्सनर हे विशेषण जगभर बिअरच्या एका प्रकाराचे सामान्यनाम झाले. गावाला स्वतःच्या बिअरपुढे 'मूळ स्रोत' अशा अर्थाचा 'उर्केल' हा शब्द लावून आपले मूळपण सांगावे लागले. कोणी बळकावले नाही म्हणून नाव वाचतेच असे नाही; ते सर्वांचे होऊनही हरवू शकते.

हा सगळा पेच आपल्यापासून दूरचा वाटत असेल तर कोल्हापुरी चपलेकडे पाहावे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये तशीच चप्पल कोल्हापूरचा उल्लेख न करता मिरवली आणि आपल्याकडे संताप उसळला; नंतर कंपनीने तिचे प्रेरणास्थान मान्य केले. बुडवाइसमध्ये माल सोडून नाव उचलले गेले होते, इथे नाव सोडून माल. दोन्हीकडे जखम एकच: कुठला, हे सांगण्यातून गाव वगळले गेले. आणि गंमत अशी की कोल्हापुरीच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे आहेत. बागलकोटच्या कारागिराने केलेली चप्पलही कायद्याने कोल्हापुरीच. तिथला कारागीर कोल्हापूरकर नाही, त्याची घरची भाषा बहुधा मराठी नाही. पण त्याच्या हातची वस्तू कोल्हापुरी आहे. मला यात उणेपणा दिसत नाही. 'ई' हा प्रत्यय 'कर'पेक्षा उदार आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. नाव ही कोणाची मालमत्ता आहे, हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. सही मालमत्ता असू शकते. पत्ता हे सत्यकथन आहे, आणि सत्यकथनाला मालक नसतो. म्हणून अमेरिकी कंपनीने आपली सही सुखाने करावी, पण 'आम्ही या गावचे' असे म्हणण्यापासून त्या गावाला जगाच्या पाठीवर कुठेही रोखता येऊ नये. आणि गावानेही हे लक्षात ठेवावे की 'बड' हा पत्ता नव्हे, आणि बुडवाइझर हे विशेषण एका घालवून दिलेल्या भाषेकडून आलेले आहे. त्याच्या वारशाचा दावा करायचा तर त्या बोलणाऱ्यांच्या आठवणीसकट करावा लागेल. निव्वळ शब्द ठेवून माणसे विसरणे, ही सेंट लुइसने केलेल्या उचलेगिरीहून फार वेगळी गोष्ट नाही.

२००८ मध्ये अनहॉयझर-बुश ही कंपनीच बेल्जियममध्ये मुख्यालय असलेल्या इनबेव्हने विकत घेतली. सही विकली गेली. सह्या विकल्या जातातच. २०१६ च्या उन्हाळ्यात त्या कंपनीने आपल्या डब्यांवरचे बडवायझर हे नाव काही महिन्यांसाठी काढून त्या जागी 'अमेरिका' असे छापले. एका गावाच्या नावासाठी इतकी वर्षे न्यायालये झिजवल्यावर त्यांनी एका आख्ख्या देशाचे नाव बिअरच्या डब्यावर चढवले, आणि निवडणूक झाल्यावर उतरवलेही. ज्याच्याकडे केवळ सही असते त्याला हे परवडते. ज्याच्याकडे केवळ पत्ता आहे त्याला नाव उतरवून ठेवायला दुसरी जागा नसते.